फ्रँकफर्टला उतरल्यावर पुढची गाडी

मुंबईहून निघालेल्या अनेकांचे विमान फ्रँकफर्टला उतरते, पण मुक्काम फ्रँकफर्टला असतोच असे नाही. कुणाचा मुलगा स्टुटगार्टला नोकरीला असतो, कुणाची मुलगी कार्ल्सरूअला शिकत असते, कुणाला कलोनच्या व्यापारी प्रदर्शनाला जायचे असते, तर कुणी तिथूनच ब्रसेल्स किंवा बाझल गाठणार असतो. मी मानहाइमला राहतो आणि हे गाव विमानतळापासून रेल्वेने अर्ध्या तासावर असल्यामुळे नात्यातली व ओळखीची मंडळी येण्यापूर्वी गाड्यांची चौकशी माझ्याकडे करतात. त्या सर्वांना फोनवर सांगतो तेच येथे सविस्तर लिहीत आहे. माझे मत असे आहे की जर्मन भाषा किंवा अंतर यांमुळे प्रवासी अडत नाही; तो अडतो विमान उतरल्यानंतरच्या दीड-दोन तासांत, आणि तेही घरी बसून आधीच काढून ठेवलेल्या तिकिटामुळे.

आधी स्थानकाविषयी. फ्रँकफर्ट विमानतळाला एक नव्हे, दोन रेल्वे स्थानके आहेत. टर्मिनल १ च्या थेट खाली ‘रेगिओनालबानहोफ’ म्हणजे लोकल व प्रादेशिक गाड्यांचे भुयारी स्थानक आहे. ते १९७२ मध्ये त्या टर्मिनलबरोबरच सुरू झाले आणि तेथे १ ते ३ क्रमांकाचे फलाट आहेत. लांब पल्ल्याच्या, ‘आयसीई’ नावाच्या वेगवान गाड्या ‘फेर्नबानहोफ’ नावाच्या वेगळ्या स्थानकावरून सुटतात. ते १९९९ मध्ये उघडले आणि त्याचे फलाट ४ ते ७ असे आहेत. टर्मिनल १ मधून रस्त्यावरून जाणाऱ्या बंदिस्त पुलाने तेथे जावे लागते, आणि सामान घेऊन सावकाश चालल्यास दहा मिनिटे सहज लागतात. फलाटांच्या वर ‘स्क्वेअर’ नावाची लांबलचक काचेची इमारत उभी आहे, त्यामुळे आपण स्थानकात आलो आहोत की एखाद्या कार्यालयात शिरलो आहोत, असा क्षणभर संभ्रम पडतो. तिकडे लक्ष न देता आगगाडीच्या चित्राच्या पाट्या पाहत चालत राहावे. तिकिटावर या दोनपैकी कोणते स्थानक लिहिले आहे, हे घरीच पाहून ठेवावे. विमान टर्मिनल १ ऐवजी दुसऱ्या टर्मिनलला लागले असेल, तर आधी ‘स्काय लाइन’ या चालकविरहित गाडीने किंवा बसने टर्मिनल १ ला यावे लागते आणि तो वेळ वेगळा धरावा लागतो.

ज्यांना फ्रँकफर्ट शहरातच जायचे आहे, त्यांचे काम सोपे आहे. खालच्या स्थानकावरून एस-८ किंवा एस-९ ही लोकल घ्यावी, बारा ते पंधरा मिनिटांत मुख्य स्थानक येते. मात्र गाडीच्या कपाळावर ‘फ्रँकफर्ट’ असे लिहिलेले नसते. ओफेनबाख किंवा हानाउ असे पुढच्या गावाचे नाव असते आणि नवखा माणूस ती गाडी आपली नव्हे म्हणून सोडून देतो. उलट दिशेलाही एक खोच आहे. एस-८ आणि एस-९ या दोन्ही गाड्या वीसबाडेनला जातात, पण माइन्झच्या मुख्य स्थानकावर एस-८ थांबते, तर एस-९ ऱ्हाइनच्या अलीकडच्या काठाने, माइन्झ-कास्टेलवरून निघून जाते. माइन्झला जाणाऱ्याने हे लक्षात ठेवलेच पाहिजे.

येथे फलाटावर जाण्यासाठी कोणतेही अडवणारे दार नाही, कुणी हटकत नाही, आणि त्यामुळे तिकीट गाडीत चढल्यावर काढता येत असेल असा समज होतो. तसे नाही. तिकीट चढण्यापूर्वीच काढायचे असते. फ्रँकफर्टच्या यंत्रातून निघणारे एकेरी तिकीट छापतानाच वैध झालेले असल्याने ते लगेच वापरायचे असते, दुपारसाठी सकाळी काढून ठेवता येत नाही. विनातिकीट सापडल्यास ६० युरो भरावे लागतात आणि ‘मी आत्ताच विमानातून उतरलो’ ही सबब तपासनिसांनी असंख्य वेळा ऐकलेली असते.

दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी सगळ्या वाटा मानहाइमवरून जातात. फेर्नबानहोफवरून आयसीईने मानहाइमला साधारण अर्धा तास, कार्ल्सरूअला तासभर आणि स्टुटगार्टला सव्वा तास लागतो. प्रत्येक गाडी सर्वत्र जात नाही, पण मानहाइमचे वेळापत्रक असे बसवलेले आहे की बाझलच्या दिशेची आणि स्टुटगार्टच्या दिशेची गाडी बऱ्याचदा एकाच फलाटाच्या दोन बाजूंना एकाच सुमारास उभी असते. उतरायचे, चार पावले चालायचे आणि समोरच्या गाडीत चढायचे. म्हणून थेट गाडीसाठी विमानतळावर दीड तास बसून राहण्यापेक्षा मानहाइमला गाडी बदलणे मी केव्हाही पसंत करतो, विशेषतः हायडेलबर्गला जाताना. स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे, पण त्या नात्याचा प्रवाशाला काही उपयोग नाही. तेथील मुख्य स्थानकाचे काम वर्षानुवर्षे चालू आहे, फलाटापासून शहराकडे यायला बरेच चालावे लागते, तेव्हा वयस्कर पाहुण्यांना घ्यायला कुणीतरी थेट फलाटावर जावे.

उत्तरेकडचा रस्ता अधिक मजेदार आहे. फ्रँकफर्ट ते कलोन हा वेगवान लोहमार्ग २००२ मध्ये सुरू झाला. त्यावर गाडी ताशी ३०० किलोमीटरने धावते आणि विमानतळापासून कलोन सुमारे तासाभरावर येते. हा मार्ग ए-३ या महामार्गाच्या शेजारून डोंगराळ मुलुखातून जातो आणि त्याचा चढ ठिकठिकाणी हजाराला चाळीस, म्हणजे पंचविसास एक इतका आहे. आपल्या भोर घाटाचा चढ सदतिसास एक आहे आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावावी लागतात, हे आठवले म्हणजे या मार्गाची कल्पना येते. पुढे एक इंजिन आणि मागे ओढले जाणारे डबे, अशी रचना येथे चालत नाही. आयसीई-३ जातीच्या गाड्यांच्या डब्यांखालीच मोटारी वाटून बसवलेल्या असल्याने त्या हा चढ वेग न गमावता चढतात. बोगद्यांत कानाला दडे बसतात, तेव्हा लहान मुलांना गोळी चघळायला द्यावी.

या मार्गावर दोन ठिकाणी फसगत होते. पहिले म्हणजे बॉन. ही गाडी बॉन शहरात जात नाही; झिगबुर्ग-बॉन या स्थानकावर उतरून ६६ क्रमांकाच्या ट्रामने जावे लागते आणि त्याला सुमारे पंचवीस मिनिटे लागतात. दुसरे म्हणजे खुद्द कलोन. काही आयसीई गाड्या मुख्य स्थानकात शिरतच नाहीत, नदीच्या पूर्वेकडील ‘मेसे-डॉइट्झ’ स्थानकाच्या खालच्या फलाटांवर थांबून तशाच डुसेलडॉर्फकडे जातात. प्रदर्शनाला आलेल्याला ते सोयीचेच आहे, कारण प्रदर्शनाची इमारत तेथूनच जवळ आहे. पण ज्याला प्रसिद्ध कॅथीड्रलच्या पायथ्याशी उतरायचे आहे, त्याने गडबडून जाऊ नये: वरच्या फलाटावरून मुख्य स्थानकाकडे जाणारी कोणतीही लोकल घेतली की पूल ओलांडून दोन-तीन मिनिटांत मुख्य स्थानक येते. ज्याच्याजवळ फारसे सामान नाही, त्याने होहेनझोलर्न पुलावरून चालत जावे. कठड्याला अडकवलेली कुलुपे आणि समोर कॅथीड्रलची दोन टोके, असे ते दृश्य गाडीतून नीट दिसत नाही.

आता तिकिटाविषयी, कारण खरा घोळ तेथे आहे. जर्मन रेल्वेची स्वस्त तिकिटे दोन प्रकारची असतात, ‘श्पारप्राइस’ आणि त्याहून स्वस्त ‘सुपर श्पारप्राइस’. दोन्हींमध्ये तुम्ही एका विशिष्ट गाडीला बांधलेले असता. पहिले वेळेत रद्द केल्यास शुल्क कापून पैसे परत मिळतात, दुसऱ्याचे अजिबात मिळत नाहीत. तिसरा प्रकार ‘फ्लेक्सप्राइस’. तो महाग असतो, पण त्या दिवशी त्या मार्गावरची तुम्हाला जमेल ती गाडी घेता येते. आपली माणसे तीन महिने आधी स्वस्तातले तिकीट पाहतात, विमान सकाळी सातला उतरते म्हणून साडेआठची गाडी पकडता येईल असा हिशेब करतात, आणि तिकीट काढून मोकळी होतात. सात वाजता विमानाची चाके जमिनीला लागतात, माणूस मोकळा होत नाही. विमान फाटकाला लागणे, पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा आणि मग स्थानकापर्यंतची चाल, हे सगळे मधे असते. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांची बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि पहिल्यांदा नोंद होणाऱ्याला खिडकीशी जास्त वेळ लागतो हे उघड आहे.

विमानाला उशीर झाला म्हणून गाडी चुकली, तर रेल्वेच्या दृष्टीने ती तुमची अडचण असते; स्वस्त तिकीट तेथेच संपते आणि खिडकीवर त्या दिवशीच्या चढ्या दराने नवे घ्यावे लागते. याउलट रेल्वेच्याच गाडीला उशीर होणार असेल आणि मुक्कामाला वीस मिनिटे किंवा अधिक उशिरा पोहोचणार असे दिसत असेल, तर ते बंधन सुटते व दुसरी गाडी घेता येते. युरोपीय नियमानुसार मुक्कामाला तासभर उशीर झाल्यास भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांवर गेल्यास निम्मे भाडे परत मागता येते. हा हक्क किरकोळ समजू नये. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि ‘वेळेवर’ याचा अर्थ सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. रद्द झालेल्या गाड्या तर त्या हिशेबात येतही नाहीत. जर्मन माणसे घड्याळाच्या काट्यावर चालतात ही आपल्याकडची समजूत त्यांच्या रेल्वेला आता लागू पडत नाही, आणि हे जर्मन माणसेच सर्वांत आधी सांगतील.

म्हणून उतरल्यानंतरच्या पहिल्या टप्प्यासाठी बांधलेले तिकीट घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. बचत करायची असेल तर ती परतीच्या किंवा मधल्या प्रवासात करावी, तेथे तुमचे वेळापत्रक तुमच्या हातात असते. मानहाइम किंवा माइन्झइतके जवळ जायचे असेल, तर फ्लेक्सप्राइस किंवा साधे प्रादेशिक तिकीट पुरते. लांब जायचे असेल, तर विमानाचे तिकीट काढतानाच रेल्वे जोडून घेणे सर्वांत शहाणपणाचे. त्याचे दोन मार्ग आहेत. ‘रेल अँड फ्लाय’ या सोयीत विमानाच्या तिकिटासोबतच रेल्वेचा प्रवास मिळतो, त्याला ठरावीक गाडी नसते आणि उतरल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीही तो वापरता येतो. मात्र विमान कंपनीकडून येणारा कोड हे तिकीट नव्हे, त्याचे तिकीट गाडीत चढण्यापूर्वी संकेतस्थळावर काढून घ्यावे लागते. दुसरा मार्ग ‘लुफ्थान्सा एक्सप्रेस रेल’. यात आयसीईलाच विमानासारखा क्रमांक असतो. स्टुटगार्टच्या रेल्वे स्थानकाला तर विमानतळासारखे ‘झेडडब्ल्यूएस’ हे संकेतनामही आहे. यात गाडी ठरलेली असते, पण विमान उशिरा आले तर पुढच्या गाडीची व्यवस्था करणे हे विमान कंपनीचे काम होते. सामान मात्र फ्रँकफर्टला पट्ट्यावरून उचलून स्वतःच गाडीत न्यायचे असते. ‘डॉइचलांड-टिकेट’ हा जो स्वस्त मासिक पास आहे, त्याचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. २०२३ मध्ये तो ४९ युरोंना निघाला आणि २०२५ मध्ये ५८ युरोंचा झाला. तो आयसीईत चालत नाही, तेव्हा विमानतळावरून लांब जाण्यासाठी त्याचा विचार करू नये.

फलाटावर पोहोचल्यावर करायचे काम एकच, पण महत्त्वाचे. फलाटाचे ‘ए’पासून पुढे अक्षरांनी भाग पाडलेले असतात आणि वरच्या फलकावर गाडीचे छोटे चित्र दिसते: कोणता डबा कोणत्या अक्षरासमोर येईल, पहिला वर्ग कुठे, खानपानाचा डबा कुठे. आपल्या डब्याचे अक्षर पाहून तेथेच उभे राहावे. ऐन वेळी घोषणा होते की आज डबे उलट्या क्रमाने लागले आहेत, आणि मग दोन्ही टोकांची माणसे चाकाच्या बॅगा ओढत एकमेकांच्या विरुद्ध दिशेने धावू लागतात. अशा वेळी धावू नये, समोर येईल त्या दारातून चढावे आणि आतून चालत जावे. अपवाद एकच. दोन गाड्या जोडून एकच केलेली असेल, तर एका गाडीतून दुसरीत आतून जाता येत नाही आणि पुढे कुठेतरी त्या सुटून वेगवेगळ्या गावांना जातात; म्हणून दारावरचा गाडी क्रमांक आणि शेवटच्या स्थानकाचे नाव वाचल्याशिवाय पाय आत टाकू नये. दुसऱ्या वर्गाच्या बहुतेक तिकिटांत बसण्याची जागा धरलेली नसते, तिचे पैसे वेगळे द्यावे लागतात. रात्रभर विमानात अवघडून आलेल्या आई-वडिलांसाठी ते जरूर द्यावेत.

परदेशी शहरांपैकी ब्रसेल्स हे कलोन, आखेन व लिएजवरून सुमारे तीन तासांवर आहे, ॲमस्टरडॅम कलोन, डुसेलडॉर्फ, आर्नम व उत्रेख्तवरून चार तासांच्या आसपास, आणि बाझल पावणेतीन-तीन तासांवर. बाझलमध्येही दोन थांबे आहेत: आधी ‘बाडिशर बानहोफ’ येते, जे स्वित्झर्लंडच्या भूमीवर असले तरी जर्मन रेल्वेचे स्थानक आहे, आणि नंतर ‘बाझल एसबीबी’. झुरिक-बर्नकडे जाणाऱ्यांनी दुसऱ्यावर उतरावे. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, प्रवेशाचा शिक्का किंवा नोंद फ्रँकफर्टलाच झालेली असते, तरीही पासपोर्ट मोठ्या बॅगेच्या तळाशी कोंबू नये. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आहे आणि गाडीत पोलिस येऊ शकतात.

ज्यांच्यापुढे निवड आहे, त्यांनी ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाचाही विचार करावा. तेथे सामान घेऊन बाहेर आलात की त्याच दालनाच्या खाली स्थानक आहे, वेगळे चालणे नाही, आणि देशांतर्गत गाड्यांसाठी आधी तिकीट काढण्याचीही गरज नाही. संपर्करहित बँक कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवून चढायचे आणि उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचे. चढताना कार्ड आणि उतरताना फोन, असे मात्र करू नये, दोन्ही वेगळे प्रवास धरले जातात. जर्मनीकडे जाणाऱ्याने ॲमस्टरडॅमच्या मुख्य स्थानकाकडे वळू नये. स्खिपोलहून उत्रेख्त अर्ध्या तासावर आहे, तिथे ॲमस्टरडॅमहून जर्मनीकडे निघालेली तीच आयसीई पकडता येते आणि उलटा फेरा वाचतो. बेल्जियमकडे युरोस्टारही जाते, पण तिच्यात जागा व गाडी ठरलेली असते. डिसेंबर २०२४ पासून रॉटरडॅम व ॲन्टवर्पवरून ब्रसेल्सला जाणारी ‘युरोसिटी डायरेक्ट’ सुरू झाली आहे आणि नुकत्याच उतरलेल्या माणसाला तीच सोयीची.

तिकीट काढताना नावांकडेही बारकाईने पाहावे. जर्मनीत फ्रँकफर्ट दोन आहेत, एक माइन नदीवरचे आणि दुसरे पोलंडच्या सीमेवर ओडर नदीवरचे. ॲपमध्ये दोन्ही एकाखाली एक येतात. स्वस्त विमान कंपन्यांच्या जाहिरातींत दिसणारे ‘फ्रँकफर्ट-हान’ हे तर शहरापासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे आणि तेथे प्रवासी रेल्वे नाही. प्रवासाच्या तारखेला मार्गावर काम चालू आहे का, हेही पाहावे. जुलै ते डिसेंबर २०२४ या काळात फ्रँकफर्ट-मानहाइम हा मुख्य मार्ग दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होता, आणि जुन्या अनुभवावर विसंबून आलेल्यांना वळसा पडला.

परतीचा प्रवास उलट्या तर्काने आखावा लागतो. येथे गाडी आधी आणि विमान नंतर असल्याने गाडीचा उशीर थेट विमानावर येतो. मी पाहुण्यांना विमानाच्या वेळेच्या किमान चार तास आधी फेर्नबानहोफला पोहोचणारी गाडी धरून देतो, आणि तिच्यानंतरही तासाभराने दुसरी गाडी आहे याची खात्री करतो. एक्सप्रेस रेलचे तिकीट असलेल्याने पहिला रेल्वेचा टप्पा सोडून परस्पर मोटारीने विमानतळ गाठू नये. पहिला टप्पा न वापरल्यास पुढचा विमानप्रवास रद्द धरला जाऊ शकतो. आणि ज्यांनी ५० युरोंपेक्षा जास्त रकमेची खरेदी करून कर परत मिळण्याचे कागद घेतले आहेत, त्यांना बॅग विमान कंपनीकडे सोपवण्यापूर्वी सीमाशुल्काच्या खिडकीवर वस्तू दाखवून शिक्का घ्यावा लागतो. मुंबईच्या विमानाच्या आधी त्या खिडकीपुढे रांग असते, तेव्हा त्यासाठी आणखी अर्धा-पाऊण तास धरावा आणि त्या वस्तू बॅगेत सर्वांत वर ठेवाव्यात.